नवा एक्झॉस्ट बसवल्यावर बॉनेटखालची उष्णता कशी आवरायची

हेडर (इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्टच्या नळ्यांचा पहिला जुडगा) किंवा डाउनपाइप (त्याच्या पुढचा, खाली उतरणारा पाइप) बदलला की पहिले काही दिवस सगळं लक्ष आवाजाकडे असतं. उष्णतेचा त्रास सावकाश उघड होतो. गरम इंजिन बंद करून लगेच पुन्हा चालू करायला गेलं तर स्टार्टर नुसता टक करून थांबतो. ऑक्सिजन सेन्सरच्या (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या उपकरणाच्या) वायरवरची नागमोडी नळी पाइपच्या बाजूने चपटी आणि चकचकीत झालेली दिसते, मागच्या बाजूने मात्र ती अजून नव्यासारखी असते. प्लास्टिकची क्लिप बोटाने दाबली की वाकत नाही, सरळ मोडते. ही लक्षणं दिसल्यावर बहुतेक जण बाजारातून उष्णतारोधक पट्टी आणतात आणि सगळा पाइप गुंडाळून टाकतात. मला तो क्रम उलटा वाटतो. आधी मोजमाप, मग गळती, मग पत्रा आणि हवेची वाट, आणि गरज उरलीच तर पट्टी, या क्रमाने गेलात तर खर्चही कमी होतो आणि नवा पाइपही टिकतो.

उष्णता वाढते कशामुळे

पेट्रोल इंजिनावर पूर्ण भार असताना एक्झॉस्ट वायूचं तापमान ८०० ते ९५० अंश सेल्सियसपर्यंत जातं. कंपनीचा मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा मूळ भाग, बहुधा जाड ओतीव लोखंडाचा, आखूड आणि इंजिनाला चिकटून असतो, आणि त्यावर पत्र्याचं शील्ड, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, असतं. त्याच्या जागी येणारा हेडर साधारण दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या लांब नळ्यांचा असतो. नळ्या लांब असल्याने उष्णता फेकणारा पृष्ठभाग वाढतो, भिंत पातळ असल्याने ती झटकन तापते, आणि मूळ शील्ड बसवायला त्यावर जागाच ठेवलेली नसते. म्हणजे इंजिन तेवढीच उष्णता तयार करत असलं तरी तिच्यातली जास्त उष्णता आता बॉनेटखाली उतरते.

ही उष्णता तीन वाटांनी पसरते. धातूला धातू लागला की वहनाने, तापलेली हवा फिरली की अभिसरणाने, आणि मध्ये काहीच नसताना थेट प्रारणाने. लाल होण्याइतक्या तापलेल्या पाइपच्या बाबतीत प्रारण सगळ्यांत घातक, कारण ते निरपेक्ष (म्हणजे केल्विनमध्ये मोजलेल्या) तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. पाइपचा पृष्ठभाग ५०० वरून ६०० अंशांवर गेला तर शेजारच्या वायरवर पडणारं प्रारण सुमारे ६० टक्क्यांनी वाढतं. म्हणूनच एखादी वायर शहरात हळू चालवताना वर्षभर ठीक राहते आणि घाट चढताना एका दिवसात करपते.

पायरी १: जुने भाग काढण्याआधीचं काम

गाडी अजून मूळ स्थितीत असेल तर तुम्ही नशीबवान आहात. बॉनेट उघडून सगळ्या शील्डचे, वायरच्या क्लिपांचे आणि होजच्या वळणांचे फोटो काढून ठेवा. कुठल्या कंसात कुठली वायर अडकवली होती हे नंतर आठवत नाही, आणि सुटी राहिलेली वायर वजनाने खाली लोंबून नेमकी पाइपवर टेकते.

काढलेली शील्ड टाकून देऊ नका. गंजलेली, खडखडणारी असली तरी तिचा आकार कंपनीने चाचण्या करून ठरवलेला असतो. कधी थोडी कापून, कधी नवा कंस लावून तीच पुन्हा वापरता येते.

आता मोजमाप. गाडीच्या निदान सॉकेटला लावायचं साधं यंत्र आणि फोनवरचं अ‍ॅप असेल तर इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान आणि कूलंटचं तापमान वाचता येतं. एक ठरावीक रस्ता निवडा, बाहेरचं तापमान लिहून ठेवा, आणि तीन वेळी आकडे घ्या: एकसारख्या वेगात, दहा मिनिटं उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून, आणि इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी फक्त इग्निशन चालू करून. तिसरा आकडा बहुतेक सगळ्यांत जास्त येतो, कारण इंजिन बंद होताच पाण्याचं फिरणं थांबतं, हवेचा झोत थांबतो, आणि धातूत साठलेली उष्णता आजूबाजूला पसरत राहते. प्लास्टिक आणि रबराचं खरं नुकसान याच वेळेत होतं. नवे भाग बसल्यावर हीच तीन मापं पुन्हा घ्यायची आहेत.

पायरी २: गळती आणि मिश्रण

शील्डला हात लावण्याआधी प्रत्येक जोड तपासा. हेडरच्या फ्लँजमधून, म्हणजे बोल्टने आवळलेल्या जोडपट्टीतून, निघणारा बारीकसा झोत समोरच्या वायरला ज्योतीसारखा भाजतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो तो वेगळाच. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करा आणि पहिल्या मिनिटभरात कान द्या. टिकटिक असा आवाज गाडी गरम झाल्यावर बंद होत असेल तर धातू प्रसरण पावून फट तात्पुरती मिटते आहे. थंड जोडावर साबणाचं पाणी मारून इंजिन सुरू केलं तर बुडबुडे दिसतात. काही दिवस वापरलेल्या गॅस्केटभोवती काजळीची काळी रेघ दिसली तर आणखी पुरावा नको. हे काम उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये करू नका.

गळती ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला हवा-इंधनाचं मिश्रण पातळ (इंधन कमी, हवा जास्त) वाटतं आणि संगणक विनाकारण जास्त इंधन सोडतो. भाराखाली खरोखरच मिश्रण पातळ पडत असेल, किंवा ठिणगी उशिरा पडत असेल, तर जळण्याचं काम एक्झॉस्टच्या दाराशी पूर्ण होतं आणि पाइप आणखी तापतो. एखादा सिलिंडर मिसफायर होत असेल तर न जळलेलं इंधन कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, पेट घेतं. कन्व्हर्टर लाल झालेला दिसला तर कुठल्याही शील्डने तो प्रश्न सुटणार नाही. आधी इंजिन दुरुस्त करा. आणि कन्व्हर्टरच काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. रस्त्यावरच्या गाडीला ते बहुतेक ठिकाणी बेकायदा आहे आणि त्याचा धूर दुसऱ्यांना सोसावा लागतो.

पायरी ३: पाइपच्या शेजारी काय काय आहे

इंजिन थंड असताना टॉर्च घेऊन पाइपच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत जा. वर, खाली, मागे फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्याच्या भिंतीकडे) आणि गाडी स्टँडवर घेऊन खालूनही बघा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका.

माझ्या यादीत सगळ्यांत वर ब्रेक आणि क्लचच्या नळ्या असतात. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पण ओलावा शोषल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. त्यात वाफ झाली की पेडल थेट खाली जातं. त्यानंतर इंधनाची नळी आणि तिचे जोड. मग स्टार्टर आणि त्याची जाड वायर, ऑक्सिजन सेन्सरची वायर, स्टिअरिंगचा जोड आणि रबरी बूट, ड्राइव्ह शाफ्टचे बूट, इंजिन माउंटचं रबर, एसीच्या नळ्या, ऑइल फिल्टर, बॅटरी. साध्या पीव्हीसी आवरणाच्या वायरी जेमतेम १०५ अंशांपर्यंतच्या असतात, आणि बॅटरी सतत ५० अंशांच्या वर राहिली तरी तिचं आयुष्य घटतं.

उघड्या पाइपपासून वायर किंवा रबर निदान ६०-७० मिलिमीटर दूर असावं, मध्ये शील्ड असेल तर २५ मिलिमीटर तरी. हे अंदाजाचे आकडे आहेत, खरं उत्तर मोजणीतच मिळतं. एक गोष्ट मात्र नवशिक्यांच्या हमखास नजरेतून सुटते: इंजिन माउंटवर हलतं. सहकाऱ्याला ब्रेक घट्ट दाबून, हँडब्रेक लावून, क्लच किंचित सोडून थ्रॉटल देऊ द्या, आणि तुम्ही गाडीच्या बाजूला उभं राहून पाइप किती झुकतो ते बघा. गाडीच्या पुढे कधीही उभे राहू नका. शिवाय पाइप तापला की वाढतो. ३०४ दर्जाचं स्टेनलेस स्टील मीटरभर लांबीला ६०० अंशांच्या वाढीत सुमारे १० मिलिमीटर लांबतं. थंड गाडीत बोटभर दिसणारं अंतर गरम गाडीत उरेलच असं नाही.

जे हलवता येतं ते आधी हलवा. वायरचा मार्ग बदलणं, होजला दुसरीकडून वळवणं आणि धातूच्या क्लिपने पक्कं करणं, याला खर्च जवळजवळ शून्य येतो आणि कुठल्याही महागड्या आवरणापेक्षा हा उपाय जास्त टिकतो.

पायरी ४: पत्र्याचं शील्ड

या कामात सगळ्यांत जास्त वेळ इथे घाला. साधा पत्रा काम करतो तो त्याच्या जाडीमुळे नव्हे, त्याच्या दोन्ही बाजूंच्या हवेमुळे. पाइपकडची चकचकीत बाजू प्रारण परतवते, आणि पत्र्याच्या मागून वाहणारी हवा जी थोडी उष्णता उरते ती घेऊन जाते. पाइप आणि पत्रा यांत १० ते २५ मिलिमीटर फट ठेवा. पत्रा पाइपला टेकला तर तो स्वतःच तापून दुसरा पाइप होतो.

आधी जाड पुठ्ठ्याचा नमुना कापा. बोल्ट, पाना फिरायची जागा, डिपस्टिक, प्लग काढायची वाट हे सगळं पुठ्ठ्यावर जमवून घ्या आणि मगच पत्र्याला हात लावा. पाइपच्या अगदी जवळ स्टेनलेसचा अर्धा ते पाऊण मिलिमीटर पत्रा घ्या. थोडं दूर असेल तर एक मिलिमीटरचं अ‍ॅल्युमिनियम चालतं, वाकवायलाही सोपं जातं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं, म्हणून ते हेडरच्या नळ्यांना खेटून नको. कापलेल्या कडा कानशीने घासा आणि आत दुमडा. दुमडीने पत्रा ताठ राहतो, खडखडत नाही, आणि पुढच्या वेळी हात कापत नाही.

बसवताना दोन नियम. पहिला, शील्ड इंजिनाला बांधा किंवा बॉडीला बांधा, दोन्हींना एकत्र बांधू नका. इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, आणि मधला पत्रा बोल्टच्या भोकापासून चिरत जातो. दुसरा, एक भोक गोल ठेवा आणि बाकीची लांबट ठेवा, म्हणजे तापल्यावर पत्र्याला सरकायला जागा मिळते. बोल्टखाली स्टीलचे स्पेसर आणि रुंद वॉशर, आणि आट्यांना उष्णता सहन करणारं अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा, नाहीतर पुढच्या वर्षी बोल्ट फिरण्याऐवजी तुटेल.

शील्डचा बंद डबा करू नका. खाली आणि वर तोंड उघडं ठेवलंत तर गरम हवा आपोआप वर चढते आणि खालून थंड हवा आत येते. अगदी अडचणीची जागा असेल, उदाहरणार्थ स्टार्टर आणि पाइप यांच्यात, तर दोन पातळ पत्रे मध्ये ५-६ मिलिमीटर फट ठेवून लावा. एकाच जाड पत्र्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

पायरी ५: वायरी आणि होजसाठी आवरण

काचतंतूवर अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या नळ्या मिळतात, काही चिकट पट्टीने उघडणाऱ्याही असतात. त्यामुळे वायर न सोडवता चढवता येतात. सोनेरी किंवा चंदेरी परावर्तक टेप फायरवॉलवर, इनटेकच्या नळीवर, ब्रेक ऑइलच्या टाकीवर चांगला चालतो. तो पाइपवर लावायचा नसतो. त्याचा डिंक तेवढी उष्णता सहन करत नाही, आणि पाइप आणि टेप यांच्यात हवेची फट नसेल तर परावर्तनाला अर्थच उरत नाही.

आवरण उष्णता थोपवून धरतं, नष्ट करत नाही. पाइपपासून बोटभर अंतरावरची वायर कितीही चांगल्या आवरणात असली तरी तासभर तिथेच तापत राहिली तर आतूनही तापणारच. म्हणून आवरण शील्डच्या जोडीला असावं, शील्डच्या जागी नसावं. तेल आणि काजळी बसलेला टेप परावर्तन गमावतो, तेव्हा सर्व्हिसिंगच्या वेळी ओल्या फडक्याने पुसून घ्या. प्लास्टिकच्या झिप टायऐवजी सगळीकडे स्टेनलेसचे टाय वापरा आणि त्यांची कापलेली टोकं दुमडा.

पायरी ६: सिरॅमिक कोटिंग की पट्टी

हेडर अजून बसवला नसेल आणि जमत असेल तर सिरॅमिक कोटिंग करून घ्या. ते व्यावसायिक दुकानातच होतं. धातू वाळूच्या झोताने साफ करून, आतून-बाहेरून थर देऊन भट्टीत पक्का करतात. त्याने गंज थांबतो, उष्णता नळीत राहते आणि ओल धरून ठेवण्याचा धोका नसतो. स्प्रेच्या डब्यातला उष्णतारोधक काळा रंग म्हणजे कोटिंग नव्हे.

पट्टी स्वस्त आहे आणि काम करते, हे खरं. पण तिच्याखाली ओलावा साठतो, साधं स्टील झपाट्याने गंजतं, आणि अडकलेल्या उष्णतेने धातू कायम जास्त तापलेला राहून वेल्डजवळ चिरतो. अनेक हेडर उत्पादक पट्टी लावल्यास वॉरंटी नाकारतात, तेव्हा कागद आधी वाचा. ओतीव लोखंडाचा मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टर गुंडाळू नका. मी पट्टी सुचवतो ती स्टेनलेसच्या पाइपवर, आणि तीही जिथे पत्रा बसायला जागाच नाही अशा तुकड्यापुरती.

लावायचीच असेल तर हातमोजे, लांब बाह्यांचा शर्ट, चष्मा आणि मास्क घाला. काचतंतूची खाज दिवसभर जात नाही आणि ते फुप्फुसात तर मुळीच नकोत. पाइप तेलकट असेल तर आधी पूर्ण साफ करा. पट्टी आधी भिजवायची की कोरडीच लावायची हे उत्पादकावर अवलंबून आहे, पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे वागा. खालच्या टोकापासून सुरुवात करा आणि वर चढत जा, म्हणजे वरचा वेढा खालच्यावर येतो आणि पाणी कौलांवरून घसरावं तसं बाहेरूनच निघून जातं. ५० मिलिमीटर रुंद पट्टीला ६ ते १२ मिलिमीटरचा ओव्हरलॅप पुरे. दुहेरी थर देऊ नका. प्रत्येक वेढा ताणून बसवा आणि दोन्ही टोकांना स्टेनलेस क्लँप लावा. पहिल्यांदा तापताना धूर निघतो, तो पट्टीतल्या बंधक पदार्थाचा असतो. गाडी उघड्यावर उभी करा, विझवण्याचं साधन जवळ ठेवा आणि धूर थांबेपर्यंत तिथून हलू नका.

इंजिनातून तेल ठिबकत असेल तर ते थांबवल्याशिवाय पट्टी लावायचीच नाही. तेलाने भिजलेली पट्टी वातीसारखी पेटते.

टर्बो असेल तर त्यासाठीचं ब्लँकेट फक्त टर्बाइनच्या म्हणजे एक्झॉस्टच्या घरावर घाला. मधला बेअरिंगचा भाग आणि हवा दाबणारी बाजू उघडी राहिली पाहिजे.

पायरी ७: हवेला बाहेर जायची वाट

समोरच्या जाळीतून आणि रेडिएटरमधून हवा आत येते, पण ती बाहेर पडलीच नाही तर आत येणंही मंदावतं. बहुतेक गाड्यांत ती खालून आणि मागून निघते. म्हणून इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर काढून टाकलं की थंडावा मिळतो हा समज बऱ्याचदा चुकीचा ठरतो. ते कव्हर हवेला रेडिएटरमधून ओढून मागे नेण्यासाठी आकारलेलं असतं.

बॉनेटची मागची कड वॉशर घालून उचलण्याची युक्तीही अशीच फसवी आहे. वेगात असताना समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे गरम हवा तिथून बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवा आत शिरू शकते. उभ्या गाडीत मात्र तीच फट बॉनेटखालचा वास आणि धूर केबिनच्या हवेच्या जाळीपर्यंत पोचवते. बॉनेटला झडपा कापायच्याच असतील तर त्या रेडिएटरच्या थोड्या मागे, जिथे हवेचा दाब कमी असतो तिथे हव्यात, आणि खाली पावसाचं पाणी वायरिंगवर पडणार नाही अशी पन्हळ हवी. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बंद करणं आणि फॅन खरोखर चालू होतो का ते बघणं, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

एअर फिल्टर उघडा करून बॉनेटखालीच ठेवला असेल तर तो गरम हवाच ओढतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते, शिवाय संगणक ठिणगी उशिरा पाडतो. हेडरने मिळालेली ताकद अशीच हातची जाते. मूळ एअरबॉक्स ठेवा किंवा फिल्टरला बाहेरची हवा मिळेल असा बंदिस्त कप्पा करा.

पायरी ८: चाचणी

तापमान दाखवणारे, एकदा काळे पडले की तसेच राहणारे स्टिकर मिळतात. ते ब्रेक ऑइलच्या टाकीवर, स्टार्टरवर, वायरच्या जुडग्यावर आणि इंजिन माउंटच्या कंसावर लावा. जोरात चालवताना कोणी आकडे बघत बसत नाही. स्टिकर मात्र सगळ्यांत वाईट क्षण टिपून ठेवतो. इन्फ्रारेड गन वापरत असाल तर चकचकीत स्टेनलेसवर ती खऱ्यापेक्षा बरंच कमी तापमान दाखवते, हे ध्यानात ठेवा. मोजायच्या जागी उष्णतारोधक मॅट काळ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावरच नेम धरा.

पायरी १ मधलाच रस्ता, तेवढीच वेळ, शक्यतो तेवढंच बाहेरचं तापमान. साध्या, बिनटर्बोच्या गाडीत एकसारख्या वेगात आत शिरणारी हवा बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंशांच्या आत राहिली तर काम बरं जमलं. उभ्या गाडीतला आकडा वाढणारच, फक्त जुन्या नोंदीपेक्षा तो फार वर गेला का ते बघा. जोरात चालवून आल्यावर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या आणि मग इंजिन बंद करा. तापलेल्या पाइपवर पाणी ओतून तो थंड करू नका, गरम रेडिएटरचं झाकणही उघडू नका.

पहिल्या १०० किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना फ्लँजचे आणि शील्डचे बोल्ट तपासा. गॅस्केट बसलं की ते थोडे सैल पडतात, तेव्हा उत्पादकाने दिलेल्या टॉर्कप्रमाणे पुन्हा आवळा. हजार किलोमीटरनंतर तेच परत करा, स्टिकर वाचा, आणि चकाकी आलेलं, कडक झालेलं किंवा रंग बदललेलं काही दिसतं का ते बोटांनी चाचपून बघा. गाडीत कोरड्या पावडरचं अग्निशामक ठेवा, ते ड्रायव्हरच्या हाताशी असावं. बॉनेटच्या फटीतून धूर आला तर इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवा, आणि बॉनेट पूर्ण उघडू नका. कुलूप सोडून जेवढी फट पडेल तेवढ्यातूनच पावडर आत मारा. ज्वाला दिसत असतील आणि आटोक्यात येत नसतील तर लांब जा आणि अग्निशमन दलाला फोन करा.